टचअपच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

घर विकायला काढण्याआधी बाहेरच्या भिंतींवरचे तडे बुजवून घेतले. गवंड्याचं काम चोख होतं. फसवलं ते रंगाच्या ठेकेदाराने. घर दाखवायची घाई असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लिहितेय.

"अख्खी भिंत कशाला रंगवता? नवा गिलावा आहे तेवढ्यावरच दोन हात मारतो, शेड तंतोतंत जुळवतो," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला. खर्च वाचतोय म्हणून मलाही पटलं. गिलावा होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. ओल असेल का, असं मी विचारलंसुद्धा. त्याने भिंतीवर तळवा फिरवला आणि "खडखडीत वाळलीय" म्हणून मोकळा झाला. सिमेंटच्या ताज्या गिलाव्याला साधारण २८ दिवस द्यावे लागतात, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असतं. शिवाय ताज्या सिमेंटचा सामू (पीएच, म्हणजे क्षारपणाचं माप) १२-१३ पर्यंत असतो, म्हणजे ते खूपच क्षारयुक्त असतं. त्या क्षाराने रंग उडतो, डाग पडतात.

डबे त्याने उघडलेलेच आणले. "शेड बनवून घेतलीय ना, म्हणून झाकण उघडलंय." ऐकायला खरं वाटतं. पण दुकानात मशीनवर शेड बनवली की झाकण पुन्हा ठोकून बसवतात आणि डब्यावर शेडच्या नंबराची चिठ्ठी लावतात. या डब्यांवर चिठ्ठी नव्हती. मी ती मागितली नाही, तिथेच चुकले. रंगाआधी द्यायचा प्रायमरचा हातही त्याने मारला नाही.

पहिल्या संध्याकाळी ठिगळं वेगळी दिसत होती. "वाळलं की एकजीव होईल," म्हणाला आणि कामगारांना द्यायचेत सांगून सगळे पैसे घेऊन गेला. उन्हापावसाने फिका पडलेला जुना रंग आणि डब्यातला नवा रंग, नंबर एकच असला तरी जुळत नाहीत. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग रंगवली तरच फरक लपतो.

तिसऱ्या आठवड्यात एक कुटुंब घर बघायला आलं. ऊन तिरपं होतं, प्रत्येक ठिगळ उठून दिसत होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी खिडकीखाली नखाने जरा खरवडलं, तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून आला. मागे क्षाराची पांढरी पूड. "ताई, काय झाकताय?" एवढंच त्यांनी विचारलं. तडे नीट दुरुस्त केलेत हे मी सांगत राहिले, पण त्या पापुद्र्यापुढे माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

ठेकेदार फोन उचलत नाही. दुसऱ्या रंगाऱ्याने ओलं फडकं भिंतीवर घासून दाखवलं, सगळा रंग फडक्यावर. घरातल्या भिंतींचा स्वस्तातला डिस्टेंपर, तोही पाणी घालून वाढवलेला, असं त्याचं मत पडलं. त्यानेच प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून २४ तास ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब जमले होते. हे मी आधीच करून बघितलं असतं तर! आणि निम्मे पैसे महिनाभर हातात ठेवले असते, तर तो फोन उचलत असता.

आता पापुद्रे खरवडून काढलेत आणि भिंत वाळेपर्यंत घर दाखवणं थांबवलंय. तड्यांचे, दुरुस्तीचे सगळे फोटो त्या आजोबांना पाठवले. अजून उत्तर आलेलं नाही.