खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकलेले बनावट रील

जिवंत आमिषावर मासे गरवण्यासाठी लागणारे रील (रॉडवर बसवलेले, दोरी गुंडाळणारे यंत्र) साध्या स्पिनिंग रीलपेक्षा एकाच बाबतीत वेगळे असते, आणि बनावट माल विकणारे नेमका त्याच बाबीचा फायदा घेतात. या रीलच्या मागच्या बाजूस एक लहान खटका असतो. तो दाबला की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेले चाक, मुख्य ड्रॅगपासून (सुटणाऱ्या दोरीला धरणाऱ्या ब्रेकपासून) मोकळे होते आणि बेलची, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणारी, तार बंद असूनही दोरी अगदी हलक्या ताणावर सुटत राहते. त्यामुळे कोळंबी किंवा बोईचे पिल्लू तोंडात धरून निघालेल्या जिताड्याला ओढ जाणवत नाही. हँडल फिरवले की खटका आपोआप उडतो आणि मुख्य ड्रॅग लागतो. शिमानो कंपनी अशा रीलला बेटरनर म्हणते, पेन लाइव्ह लायनर म्हणते, ओकुमा बेटफीडर म्हणते. आपल्याकडे मात्र सगळ्यांना सरसकट बेटरनरच म्हणतात. हे यंत्र स्पूलच्या आणि गिअरच्या मागे, रीलच्या बंद कवचात असते. ते अस्सल आहे की नुसता देखावा आहे, हे दुकानात हँडल गरगर फिरवून कळत नाही.

मी रायगड जिल्ह्यातील खाड्यांमध्ये जिताडा आणि तांबोशीसाठी गरवतो. मला हवे असलेले जपानी कंपनीचे रील अधिकृत विक्रेत्याकडे शिल्लक नव्हते. त्याच सुमारास गरवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर मुंबईतील एका विक्रेत्याने तेच मॉडेल बाजारभावापेक्षा साधारण तीस टक्के कमी दराने देऊ केले. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या मालाविषयी कोणीही संशय घेतो. तीस टक्क्यांची सूट मात्र मोठी मागणी नोंदवणाऱ्या दुकानदाराला परवडू शकते असे वाटते, आणि विक्रेत्याने दिलेले कारणही तेच होते. त्याने निळ्या ताडपत्रीवर ठेवलेल्या रीलची चित्रफीत पाठवली, त्यात खटका दाबून, दोरी ओढून आणि हँडल फिरवून दाखवले. त्या चित्रफितीतील रील अस्सल होते, अशी माझी आजही खात्री आहे. मला कुरियरने आलेले रील ते नव्हते.

बाहेरून मात्र फरक शोधणे कठीण होते. रंग, अक्षरे, हँडलची मूठ, पेटीवरील छपाई, सर्व काही वरवर पाहता जसेच्या तसे होते. सोबत सुट्या भागांचा आराखडा असलेला कागद नव्हता. तो कंपनी आता देत नाही, असे उत्तर मिळाले. पेटीच्या एका बाजूस ‘13+1 बेअरिंग’ असे ठळक छापले होते. ज्या शिमानो बेटरनर डी मालिकेवर जगभर मोठे मासे काढले जातात, तिच्यात तीन बॉल बेअरिंग आणि एक रोलर बेअरिंग एवढेच असते. बेअरिंगचा आकडा फुगवून सांगणे हा स्वस्त रीलच्या बाजारातला जुना धंदा आहे, आणि समुद्रावर तर त्या आकड्याला आणखीनच कमी किंमत आहे, कारण गंजण्यास जितकी बेअरिंग अधिक तितकी कटकट अधिक.

पहिल्या उधाणाच्या भरतीला रील खाडीवर नेले. कोळंबीच्या डोक्यातला काळा ठिपका टाळून शिंगाखालून गरी ओवली, आमिष सोडले, खटका दाबला आणि रॉड धक्क्यावर टेकवला. हा हलका ताण कमीजास्त करणारे मागील बटण पूर्ण सैल असूनही प्रवाहाच्या ओढीला दोरी सुटेना, आणि दोन फेरे आवळल्यावर ती एकदम जाम झाली. मधला ताण असा नव्हताच. ओहोटी लागण्याच्या सुमारास मासा लागला. हँडल फिरवले तेव्हा खटका अर्धवट उडाला, मुख्य ड्रॅग झटक्याझटक्याने धरू-सोडू लागला आणि अखेर तंगूस लीडर (गरीजवळचा नायलॉनचा तुकडा) तुटला. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुऊन ठेवले, तरी पुढच्या आठवड्यात दोरीच्या रोलरपाशी पांढरी भुकटी आणि बेलच्या स्प्रिंगवर तांबडा गंज दिसू लागला.

रील दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराने माझ्यासमोर ते उघडले. खटक्याच्या मागचा दाता प्लास्टिकचा होता आणि त्याची धार आताच गोल झाली होती. रोलरच्या जागी बेअरिंगऐवजी प्लास्टिकची बुश (साधी कडी) होती. ड्रॅगमध्ये कार्बनच्या चकत्यांऐवजी कोरड्या लोकरी चकत्या होत्या, त्यांना ग्रीसचा स्पर्शही झालेला नव्हता. मुख्य गिअर हलक्या प्रतीच्या जस्तमिश्र धातूचा होता. पेटीवर सांगितलेल्या चौदा बेअरिंगपैकी आत पाच सापडली.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तर त्याचे उत्तर आले, ‘साहेब, खारं पाणी आत गेलं की वॉरंटी संपते.’ खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूबाबत हे ऐकून राग आवरणे अवघड होते. त्यानंतर त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. त्याने दिलेले बिल नीट पाहिले असता त्यावर ‘एस्टिमेट’ असे छापलेले होते आणि खाली लिहिलेला जीएसटी क्रमांक चौदा अक्षरांचा होता. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा असल्यास 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून व्यापाऱ्याचे नाव कोणालाही पाहता येते. आयात मालाच्या पेटीवर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक-संपर्क छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. माझ्या पेटीवर यांपैकी काहीच नव्हते. पैसे पाठवण्यापूर्वी पेटीच्या या बाजूचे छायाचित्र आणि जीएसटी क्रमांक मागावा. अस्सल माल असणाऱ्याला ते देण्यास मिनिटभरही लागत नाही.

प्रत्यक्ष दुकानात घेणार असाल, तर रीलवर थोडी दोरी गुंडाळून तिचे टोक स्प्रिंग काट्याला बांधण्याचा आग्रह धरावा. खटका दाबून मागील बटण सैल केल्यावर दोरी चिमटीने ओढली तरी सुटली पाहिजे, आणि बटण आवळत नेले की ताण टप्प्याटप्प्याने वाढला पाहिजे. हँडलच्या पहिल्याच फेऱ्यात खटका खणखणीत आवाज करून पूर्ण उडाला पाहिजे. मग मुख्य ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर, म्हणजे तीस पौंडी दोरीसाठी सुमारे साडेतीन किलोवर लावून संथपणे ओढावे. काट्याचा काटा उड्या मारू लागला, तर रील कोणत्याही कंपनीचे असो, ते घेऊ नये. माझ्या मते गिअरच्या गुळगुळीतपणाला खरेदीत उगाच महत्त्व मिळते. नवे बनावट रीलही ग्रीसच्या जोरावर लोण्यासारखे फिरते.

फसवणूक झालीच, तर पैसे ऑनलाइन गेलेले असल्यास 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे, आणि ग्राहक म्हणून तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही. मी दोन्ही ठिकाणी तक्रार केली असून अद्याप एक रुपयाही परत आलेला नाही. मधल्या काळात सुटे भाग बदलून रील चालते करून देण्याची तयारी त्या जाणकाराने दाखवली होती, ती मी नाकारली. प्लास्टिकचा दाता, बुश आणि लोकरी चकत्या हाच पुरावा आहे, म्हणून सारे भाग पेटी, कुरियरचे वेष्टन आणि ते ‘एस्टिमेट’ यांच्यासह जसेच्या तसे ठेवले आहेत, आणि उघडताना काढलेली चित्रफीतही तक्रारीला जोडली आहे.