शेततळ्यात चुना टाकावा की पोटॅशियम परमँगनेट?

जालन्याकडच्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे आलेत, काय टाकू? अशा चट्ट्यांमागे अनेकदा एरोमोनास जिवाणू असतो.

चुना स्वस्त, टाकायलाही सोपा. पण त्याने पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि वाढलेल्या सामूत अमोनिया जास्त विषारी होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी आधीच अल्कधर्मी, शिवाय तळ्याला प्लास्टिकचं अस्तर. मला तिथे चुन्याची भीतीच वाटते.

परमँगनेट महाग, आणि माप नेमकं हवं. हजार लिटरला २ ते ४ ग्रॅम. जास्त झालं तर कल्ले भाजतात. शेणखताने गढुळलेल्या पाण्यात त्याचा जोर लवकर संपतो.

मातीचं तळं आणि सामू कमी असेल तर चुना घ्या. पाणी स्वच्छ, चट्टे नुकतेच दिसलेले असतील तर परमँगनेट. मासे मरायलाच लागले असतील तर आधी आजारी मासा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा.