रस्त्यावरच मिटवलेला अपघात

लाल सिग्नलला उभ्या असलेल्या आमच्या गाडीला मागून एका मोटारीने धडक दिली, त्याला आता बरेच महिने झाले. धडकेने जे नुकसान झाले ते झालेच, पण त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत गोड बोलून आमच्याकडून जे लिहून घेतले गेले, त्याची किंमत आम्ही अजूनही मोजत आहोत. समोरचा माणूस ज्या सफाईने वागला ते आठवले की ही त्याची पहिली वेळ नसावी असे मला वाटते, आणि म्हणूनच घडले ते सगळे क्रमाने लिहीत आहे.

गाडी मी चालवत होते आणि बाबा मागच्या सीटवर बसले होते. सिग्नल लाल होऊन बराच वेळ झाला होता, माझा पाय ब्रेकवर होता आणि गाडी पूर्ण थांबलेली होती. मागून टायर घासल्याचा आवाज आला नाही. एकदम दणका बसला आणि गाडी हातभर पुढे सरकली. तो माणूस खाली उतरला तेव्हा त्याच्या हातातल्या फोनवर कॉल चालूच होता, आणि तो त्याने आमच्यासमोर बंद केला. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे जाते, म्हणजे चालकाने दोनच सेकंद फोनकडे पाहिले तरी तेहतीस मीटरचा रस्ता तो न पाहताच कापतो. हे गणित मी नंतर केले. त्या क्षणी मला फक्त बाबांची काळजी होती, आणि ते म्हणत होते, “मला काही झालेले नाही, तू आधी गाडी बाजूला घे.”

त्या माणसाने आल्या आल्या हात जोडले. “ताई, चूक शंभर टक्के माझी आहे. काका, तुम्ही मला वडिलांसारखे,” असे म्हणून त्याने बाबांना पाणी दिले. मग तो हळूहळू मुद्द्यावर आला: पोलिसांना बोलावले तर दोन्ही गाड्या अडकून पडतील, विम्यात गेलात तर तुमचाच नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल, त्यापेक्षा बंपरचा सगळा खर्च मी देतो. चूक त्याची असताना भरपाई त्याच्या विम्यातून मागता येते का, हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. त्याने थोडी रक्कम लगेच दिली, बाकीची गॅरेजचे बिल आल्यावर देईन असा शब्द दिला आणि माझ्या फोनवर मिस्ड कॉल देऊन त्याचा नंबर नोंदवायला लावला.

तेवढ्या वेळात त्याच्या सोबतच्या माणसाने बॉनेटवर कागद ठेवून मजकूर लिहून काढला होता. मजकूर तीनच ओळींचा होता: “समोरची गाडी अचानक थांबल्यामुळे मागून किरकोळ धक्का लागला. कोणालाही दुखापत नाही. नुकसानभरपाई मिळाली असून यापुढे कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार राहणार नाही.” मागे हॉर्न वाजत होते आणि बाबा उन्हात उभे होते. मी शेवटची ओळ वाचली, ती दोघांनाही सारखीच लागू आहे असे समजले आणि सही केली. पहिल्या ओळीतल्या “अचानक थांबल्यामुळे” या दोन शब्दांनी सगळा दोष माझ्याकडे वळवला आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा एवढे मात्र सुचले, आणि ते पुढे उपयोगी पडले.

शेजारी थांबलेल्या एका दुचाकीस्वाराने “मी सगळे पाहिले आहे, हवा तर माझा नंबर घ्या” असे आपणहून म्हटले होते. सगळे मिटले आहे, असे सांगून मी त्यांचे आभार मानले आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना बाबांना मान उजवीकडे वळवता येईना. दुपारपर्यंत डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नसल्याचे सांगितले: मागून धक्का बसतो तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, डोके क्षणभर मागेच राहते आणि मानेला झटका बसतो, त्याचे दुखणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवणे हे नेहमीचेच आहे. बाबांच्या सीटचा हेडरेस्ट अगदी खाली दाबलेला होता. तो डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला आणि डोक्याच्या जवळ असेल तरच डोक्याला आधार देतो, आणि मागच्या सीटचा हेडरेस्ट वर घ्यायचे आमच्या कधी मनातच आले नव्हते.

गाडीचेही तसेच झाले. प्लॅस्टिकचा बंपर दबून पुन्हा आपल्या जागी आला होता, त्यामुळे रस्त्यावर फक्त रंगाला गेलेला केसाएवढा तडा दिसत होता. एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती: डिकी पहिल्या प्रयत्नात बंद झाली नव्हती, दुसऱ्यांदा जोरात दाबावी लागली होती. गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावर मेकॅनिकने मला वाकून पाहायला सांगितले. आतला फोम फुटला होता, त्यामागची लोखंडी पट्टी मधोमध वाकली होती आणि स्टेपनीच्या खाली पत्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या. मिळालेली रक्कम या कामाच्या एक दशांशालाही पुरणारी नव्हती, आणि बाबांच्या उपचारांचा तर तिच्यात विचारच नव्हता.

त्या माणसाला फोन केला तेव्हा पहिल्यांदा तो म्हणाला, “पाठवतो ताई.” दुसऱ्यांदा म्हणाला, “पुढच्या आठवड्यात.” तिसऱ्या वेळी त्याचा आवाज बदलला होता: “तुम्ही भरपाई मिळाल्याचे लिहून दिले आहे, दुखापत नसल्याचेही लिहून दिले आहे.” नंतर कळले की त्याने स्वतःच्या विमा कंपनीकडे पुढच्या भागाच्या दुरुस्तीचा दावा केला होता, आणि त्याला माझ्या सहीचा कागद जोडला होता. आमच्या विमा कंपनीने विचारले की, वेळेत का कळवले नाही आणि आम्हाला न विचारता तडजोड कशी केली. या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मी पुरावा शोधायला लागले आणि प्रत्येक ठिकाणी उशीर झालेला होता. चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण ठरावीक दिवसांनी पुसून त्यावर नवे चढते. मी विसाव्या दिवशी विचारले तेव्हा ते उरले नव्हते. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या, पण एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीने जोरात ब्रेक मारला तरी ठळक खुणा उमटतीलच असे नाही, त्यामुळे एवढ्यावरून त्याने ब्रेक मारलाच नाही असे सिद्ध होत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेत धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची स्थिती नोंदली जाते, हेही मला तेव्हा प्रथमच समजले. मात्र एअरबॅग उघडली नसेल तर ती नोंद पुढच्या वापरात पुसली जाऊ शकते, आणि त्याची गाडी तोवर दुरुस्त होऊन रस्त्यावर आली होती.

म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते की, धडक कितीही किरकोळ दिसली तरी जागेवर सही करू नका. नाव, गाडीचा नंबर, परवाना आणि विम्याची कागदपत्रे यांचे फोटो घ्या. गाड्या हलवण्याआधी, तसे करणे धोक्याचे नसेल तर, थोडे दूर जाऊन सिग्नलसह सगळे एका चौकटीत येईल असा एक फोटो घ्या. पोलिसांना आणि स्वतःच्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. काही लिहून देणे टाळता येत नसेल तर तारीख, वेळ, जागा आणि गाड्यांचे नंबर एवढेच लिहा. धडक कशामुळे झाली, कोणाला दुखापत नाही किंवा भरपाई पूर्ण मिळाली, यांतले एकही वाक्य लिहू नका, कारण यांतले काहीच त्या वेळी खात्रीने माहीत नसते. कोणी साक्षीदार आपणहून नंबर देत असेल तर तो आधी घ्या. आम्ही त्या दुचाकीस्वाराला शोधण्यासाठी त्याच वेळेला त्या चौकात चार दिवस उभे राहिलो, पण ते पुन्हा दिसले नाहीत.

बाबांची मान आता बरीच सुधारली आहे, तरी मागे पाहायचे असेल तर ते अजून खांद्यासकट वळतात. शेवटी मी लेखी तक्रार दिली. अधिकाऱ्यांनी कागदाचा फोटो पुढे ठेवून पहिला प्रश्न विचारला की, ही सही तुमचीच का. माझीच आहे, असे मी लिहून दिले, आणि त्याखाली धडकेच्या वेळी गाडी किती वेळ उभी होती, सिग्नल कोणता होता आणि तो मजकूर कोणाच्या हस्ताक्षरात आहे हेही लिहून दिले. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही.