लॅपटॉपचा स्कोअर बघून ७२ हजार घालवले, तुम्ही घालवू नका

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी. जुना लॅपटॉप मेला म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दोन पीस आवडले, एक जाडजूड आणि एक एकदम स्लिम, १२ कोरवाला, अर्थातच महाग. दुकानदार म्हणाला, "दादा, माझ्या बोलण्यावर जाऊ नका, तुमच्यासमोर टेस्ट मारतो," आणि डेमो पीसवर सिनेबेंच आर२३ लावलं, म्हणजे प्रोसेसरला काम देऊन त्याच्या वेगाचा स्कोअर काढणारं सॉफ्टवेअर. स्लिमचा स्कोअर ११ हजारच्या वर, जाड्याचा साडेनऊ हजार. झालं, ७२ हजार मोजले, वर बॅग फुकट मिळाली म्हणून खूश.

घरी पहिलंच लग्न एक्स्पोर्टला लावलं, हळदीपासून पाठवणीपर्यंत दीड तासाचं, दोन-तीन मिनिटं सुसाट गेलं आणि मग फॅन बोंबलायला लागला, कीबोर्डवर हात ठेववेना, आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, घसरत घसरत १.९ गिगाहर्ट्झवर आला तो तिथंच बसला.

मग स्वतः सिनेबेंच टाकून बघितलं. आर२३ ची मल्टीकोर टेस्ट मुळात १० मिनिटं चालते, गरम झाल्यावर प्रोसेसर किती टिकतो ते कळावं म्हणूनच. दुकानदार पठ्ठ्याने सेटिंग बदलून १० मिनिटांऐवजी एकच रन मारला होता, तोही एसीत, चार्जर लावून. स्लिम लॅपटॉप सुरुवातीला भरपूर वॅट ओढतो, मग कूलिंग पुरत नाही की पॉवर कापतो. माझा १० मिनिटांचा स्कोअर आला ७ हजार ४००!

दुसरी भानगड रॅमची. १६ जीबी आहे खरी, पण एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनेल, डेटा ये-जा करायला दोनऐवजी एकच वाट. सिनेबेंचला त्याने फारसा फरक पडत नाही म्हणून दुकानात काही दिसलंच नाही, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की ग्राफिक्सही त्याच रॅमवर चालतं, त्यामुळे एडिटिंगची टाइमलाइन अडकत अडकत पुढे सरकते.

परत गेलो तर म्हणे, "स्कोअर खोटा होता का?" नव्हता ना, तीच तर गोची. सील फोडलंय, रिटर्न नाही.

मोठ्या कंपन्याही यात मागे नाहीत म्हणा, २०२२ मध्ये सॅमसंगचे एस२२ फोन गीकबेंचने (हेही सिनेबेंचसारखंच स्कोअर काढणारं ॲप) आपल्या चार्टमधून काढले होते, कारण फोन बाकीच्या ॲपांचा स्पीड कमी करायचा आणि असल्या स्कोअरच्या टेस्टला, म्हणजे बेंचमार्कला, मात्र मोकळं सोडायचा.

घ्यायला जाल तर स्वतःचं एखादं प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर न्या, पंधरा-वीस मिनिटं एक्स्पोर्ट चालू द्या, दुकानदाराने कितीही चहा पाजला तरी उठू नका. मी रॅमची दुसरी स्टिक टाकली, तेवढा फरक पडला. गरमीचं काही होत नाही, एक्स्पोर्ट लावलं की घरातला टेबलफॅन लॅपटॉपकडे वळवतो आणि मी घाम पुसत बसतो.