काल्वारिया झेब्झिदोव्स्का: पोलिश टेकड्यांवरचे जेरुसलेम

पोलंडमधील क्राकूवच्या नैर्ऋत्येला असलेल्या काल्वारिया झेब्झिदोव्स्का या यात्रास्थळाची ख्याती भक्ती आणि वास्तुकला यांसाठी आहे, परंतु मला ते सर्वाधिक मोलाचे वाटले ते तेथील टेकड्यांना आणि नदीला जेरुसलेमवरून दिलेल्या नावांमुळे. झार टेकडीला येथे काल्वारिया, म्हणजे येशूला क्रुसावर दिले ती जागा, मानतात; लान्त्स्कोरोन्स्का टेकडीला जैतुनांचा डोंगर आणि स्काविन्का या छोट्या नदीला त्सेद्रोन. मिकोवाय झेब्झिदोव्स्की या सरदाराने १६०० मध्ये आरंभलेल्या या कामात नावे मनाला येतील तशी वाटलेली नाहीत. डेल्फ्टचा डच धर्मगुरू क्रिस्तियान फान आद्रिखेम याने १५८४ मध्ये प्रसिद्ध केलेले जेरुसलेमचे वर्णन आधाराला घेऊन, त्यातील अंतरे या डोंगरउतारांवर बसवून प्रार्थनामंदिरांच्या जागा ठरवण्यात आल्या. आद्रिखेम स्वतः जेरुसलेमला कधी गेला नव्हता, आणि तरीही त्याच्या अभ्यासाच्या बळावर एका परक्या भूमीला नवी नावे मिळाली, हे मला फार विलक्षण वाटते.

त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये होता आणि पोलिश चर्चची भाषाही लॅटिनच, त्यामुळे नावांची रूपेही त्याच वाटेने आली. मराठी बायबलमध्ये जो किद्रोन ओढा आहे तो येथे लॅटिन बायबलमधील रूपानुसार त्सेद्रोन झाला, तर आपल्याकडे गुलगुथा म्हणून ओळखली जाणारी जागा लॅटिनमधील कवटीवाचक शब्दावरून काल्वारिया ठरली आणि पुढे अशा प्रत्येक यात्रास्थळासाठी पोलिशमध्ये तेच सामान्यनाम रूढ झाले.

इमारतींपैकी अँटवर्पच्या पाउल बाउदार्थने रचलेली प्रार्थनामंदिरे आवर्जून पाहावीत. मरियेच्या हृदयाचे मंदिर तर खरोखरच हृदयाच्या आकाराच्या पायावर उभे आहे. १९९९ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो सर्वस्वी योग्य आहे.

वाटा चढउताराच्या आहेत आणि पावसानंतर निसरड्या होतात, म्हणून पायांत चांगले बूट हवेत. पोप जॉन पॉल दुसरे यांचे जन्मगाव वादोविच्ये जवळ असल्याने दोन्ही ठिकाणे अर्ध्या दिवसात उरकण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण येथील प्रार्थनामंदिरांमधील अंतर चालून पाहिल्याशिवाय या रचनेचा अर्थ कळत नाही. गुड फ्रायडेच्या सुमारास येथे यात्रेकरूंची प्रचंड गर्दी असते. ज्यांना नावांचा आणि जागांचा मेळ शांतपणे लावून पाहायचा आहे त्यांनी तो आठवडा सोडून, क्राकूवहून सकाळच्या रेल्वेने यावे.