इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिप: निवड झाली नाही, तरी शिकायला मिळाले

इथेरियम हे ब्लॉकचेनचे, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सामायिक नोंदवहीचे, जाळे आहे. त्याच्या विकासाला मदत करणाऱ्या इथेरियम फाउंडेशन या संस्थेच्या प्रोटोकॉल फेलोशिपच्या पाचव्या तुकडीत, म्हणजे 2024 च्या जून ते नोव्हेंबर या काळात, मी सहभागी होते. माझी निवड झालेली नव्हती. ज्यांना तिथे ‘परमिशनलेस’ म्हणतात, म्हणजे कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता जे कामाला लागतात, त्यांच्यापैकी मी एक होते. जळगावात नोकरी सांभाळून हे पाच महिने काढले आणि खानदेशातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वप्रथम पालकांसाठी दोन शब्द. मी रात्री काय करते, हे कळल्यावर आप्पांनी काळजीने विचारले होते, “पोरी, हे पैसे दुप्पट करून देणाऱ्यांपैकी तर नाही ना?” त्यांची शंका रास्त होती, कारण ब्लॉकचेनच्या नावाखाली फसलेली माणसे आपल्या ओळखीत आहेतच. परंतु या फेलोशिपमध्ये शुल्क नाही, नाणी विकत घ्यावी लागत नाहीत आणि कोणाला साखळीत ओढावे लागत नाही. इथेरियमचे जाळे ज्या सॉफ्टवेअरवर चालते, ते गेथ, नेदरमाइंड, लाइटहाउस, प्रिझम, लोडस्टार असे निरनिराळे ‘क्लायंट’ वेगवेगळे गट खुलेपणाने लिहितात; त्या कामासाठी नवी माणसे तयार करणे एवढाच हिचा उद्देश आहे. 2021 मध्ये हा उपक्रम मूळ प्रोटोकॉलच्या, म्हणजे जाळ्याच्या नियमांच्या, विकासकांसाठी उमेदवारी म्हणून सुरू झाला आणि आजही त्याचे स्वरूप वर्गापेक्षा उमेदवारीचेच अधिक आहे. सुताराकडे राहून मुलगा रंधा धरायला शिकतो, तसे येथे शिकावे लागते.

ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. आपण आपला प्रकल्प निवडायचा, त्याचा प्रस्ताव लिहायचा, क्लायंटच्या गटातील मार्गदर्शकांशी बोलायचे आणि दर आठवड्याला काय केले व कुठे अडले, हे सर्वांना वाचता येईल असे लिहून ठेवायचे. ‘या आठवड्यात काहीच जमले नाही’ हे चारचौघांत लिहिण्याचा मला सुरुवातीला फार संकोच वाटे. परंतु अडलेली जागा नीट लिहून काढताना निम्मा गुंता आपोआप सुटतो, हा अनुभव मला तिथेच आला.

माझे काम लहान होते: क्लायंट नीट चालतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या लिहिणे. इथेरियममध्ये नोंदींचा नवा गठ्ठा जोडण्यासाठी दर 12 सेकंदांचा एक ‘स्लॉट’ आणि 32 स्लॉटचा एक ‘इपॉक’ असतो. मोजणी शून्यापासून होते, म्हणून 31 क्रमांकाचा स्लॉट पहिल्या इपॉकचा शेवटचा आणि 32 क्रमांकाचा दुसऱ्याचा पहिला. माझी चाचणी नेमकी या सीमेवर चुकत होती आणि दोष क्लायंटच्या कोडमध्ये आहे, असे मी तीन दिवस धरून चालले होते. मार्गदर्शकांनी थेट उत्तर सांगितले नाही. पायथनमध्ये लिहिलेल्या मूळ विनिर्देशातील, म्हणजे इथेरियमचे नियम नेमके मांडणाऱ्या दस्तऐवजातील, एक ओळ दाखवली आणि ती पुन्हा वाचायला सांगितली. चूक माझ्या मोजणीत होती. तेव्हापासून मी आधी विनिर्देश वाचते आणि मग कोडला हात लावते.

साधनांची चिंता मात्र फारशी करू नये. मुख्य जाळ्याचा पूर्ण नोड, म्हणजे क्लायंट चालवणारा जाळ्यातला संगणक, चालवायचा तर 2 टीबीची एसएसडी लागते, ती माझ्याकडे नव्हती. पण कर्टोसिस नावाच्या साधनाने एका लॅपटॉपवर मोजक्या नोडचे छोटे चाचणी-जाळे उभे करता येते. जूनच्या वादळात, रावेरकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या त्या आठवड्यात, आमच्याकडे वीज वारंवार जात होती. दर वेळी ते जाळे पहिल्यापासून सुरू करावे लागे, एवढाच त्रास.

खरी अडचण पैशांची आहे. निवड झालेल्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. आमच्यासारख्यांना, काम पाहून पुढे साहाय्य मिळू शकते, परंतु त्याची हमी नसते. ज्याच्या पगारावर घर चालते, त्याने केवळ या आशेवर नोकरी सोडू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. सर्व व्यवहार इंग्रजीत चालतो. बोलण्यापेक्षा लिहिणे अधिक असल्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या मला ते झेपले, तरी पहिला महिना शब्दांशी झगडण्यातच गेला. बिटकॉइनच्या खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायला शिकवणारा, केवळ विद्यार्थ्यांसाठी असलेला ‘समर ऑफ बिटकॉइन’ हा उपक्रम अजून शिकत असलेल्यांना अधिक सोयीचा ठरेल. त्याचा आवाका निराळा आहे.

ज्यांना फेलोशिपकडे वळायचे आहे, त्यांनी तिच्या अभ्यासगटापासून सुरुवात करावी. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या त्या दहा आठवड्यांची व्याख्याने आणि टिपणे सर्वांना मोफत खुली आहेत. पहिले पाच आठवडे सर्वांसाठी समान असून पुढे विकास आणि संशोधन अशा दोन वाटा होतात. मी तिसऱ्या आठवड्याचे व्याख्यान चार वेळा ऐकले, तेव्हा कुठे पुढे जाता आले.