साड्यांचे इन्स्टाग्राम पान आणि मांडणीचे अ‍ॅप : आठ महिन्यांचा अनुभव

इरकल, खण आणि नारायणपेठ साड्या मी घरूनच विकते. दुकान नसल्यामुळे इन्स्टाग्रामचे पान हाच आमचा दर्शनी भाग, आणि तो विस्कळीत दिसतो अशी तक्रार घरातूनच होत असे. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये पोस्टची मांडणी आधी लावून पाहता येणारे एक सशुल्क अ‍ॅप घेतले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण या प्रकारची बहुतेक अ‍ॅप काम एकच करतात : फोटो ओढून पुढेमागे करा आणि पान कसे दिसेल ते पाहा.

हे काम ते चोख करते. पानावर तीन उभे रकाने असतात आणि प्रत्येक नवी पोस्ट जुन्या सगळ्यांना एकेक घर पुढे ढकलते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात अ‍ॅपमुळे आली. मी आधी दर तिसरी पोस्ट मजकुराची ठेवत असे, म्हणजे मधला रकाना मजकुराचा राहील. प्रत्यक्षात तो रकाना दर पोस्टला एक घर सरके आणि तीन पोस्टनंतरच जागेवर येई. त्याउलट एक साडी, एक मजकूर असा क्रम ठेवल्यास बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी कितीही सरकली तरी मोडत नाही. नऊ तुकड्यांचे मोठे चित्र करण्याचा मोह मात्र टाळावा; पुढची एक पोस्ट टाकली की ते विस्कटते.

जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने पानावरील चौकोनी घरे उभट केली. माझे अ‍ॅप त्यानंतरही कित्येक आठवडे चौकोनच दाखवत राहिले, आणि त्या भरवशावर चौकोनी केलेल्या फोटोंमधील काठ दोन्ही बाजूंनी कापले गेले. साडीचा काठच दिसत नसेल तर गिऱ्हाईक काय पाहणार? आता मी १०८० बाय १३५० पिक्सेलचे उभे फोटो करते आणि रीलच्या मुखपृष्ठावरील अक्षरे मध्यभागी ठेवते.

अ‍ॅपमधील फिल्टरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. पान एकाच छटेचे दिसावे म्हणून मी दोन महिने सर्व फोटोंना एकच उबदार फिल्टर लावला. पान देखणे झाले खरे. परंतु डाळिंबी साडी विटकरी दिसू लागली, चिंतामणी रंग मळकट झाला, आणि एका ग्राहक बाईंनी साडी परत पाठवताना ‘फोटोतला रंग वेगळा होता’ असे स्पष्ट लिहिले. चूक माझी होती. साडीच्या व्यवसायात रंग हीच वस्तू असते, तिच्यावर एकसंधपणाचा मुलामा चढवण्याचा अधिकार मला नव्हता.

तेव्हापासून एकसारखेपणा फोटो काढण्यापूर्वीच साधते. उत्तरेकडच्या खिडकीशी, सकाळी दहाच्या सुमारास, ट्यूबलाइट बंद करून, कोऱ्या मांजरपाटावर साडी पसरते. इरकलचा लाल-पांढऱ्या नक्षीचा, म्हणजे टोपतेनी, पदर तर पारंपरिक साडीत असतोच. तो दर वेळी उजव्या कोपऱ्यात ठेवला की पानाला धागा आपोआप मिळतो, वेगळ्या रंगसंगतीची गरज उरत नाही.

मजकुराच्या चौकटींसाठी अ‍ॅपमध्ये दिलेल्या सुबक इंग्रजी अक्षरवळणांत देवनागरी बसत नाही. ‘खण’ लिहिले की फोनचे नेहमीचेच अक्षर उमटते. त्यामुळे त्या चौकटी मी बाहेर ‘मुक्त’ फॉन्टमध्ये तयार करून आणते. काही ठिकाणी ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरला, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. मात्र फोनच्या छोट्या घरात त्याच्या बारीक रेघा पुसट वाटतात.

वर्षाची वर्गणी संपल्यावर मी विनामूल्य आवृत्तीवर जाणार आहे. तिच्यात फोटो ओढून क्रम लावता येतो, आणि मला एवढेच लागते.